व्हॉट्सॲप बिझनेस : मराठी पुस्तकांच्या प्रसारासाठी कितपत उपयोगी?

पुस्तक छापून झाले आणि गठ्ठे घरात येऊन पडले, की छोट्या प्रकाशकासमोर किंवा स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या लेखकासमोर एकच प्रश्न उभा राहतो. हे पुस्तक ज्याला वाचावेसे वाटेल, त्याला ते निघाले आहे हे कळणार कसे? वृत्तपत्रांतील पुस्तक-परिचयाची जागा आक्रसली आहे, तालुक्याच्या गावी शालेय पुस्तके आणि वह्यांखेरीज काही ठेवणारे दुकान मिळणे कठीण झाले आहे, आणि पाचशे-हजार प्रतींच्या आवृत्तीला छापील जाहिरातीचा खर्च झेपत नाही. समाजमाध्यमांकडे वळण्यावाचून गत्यंतर उरत नाही ते यामुळे. एका छोट्या प्रकाशनाच्या विक्रीचे आणि प्रसाराचे काम पाहताना मी यांपैकी बहुतेक माध्यमे वापरली आहेत. पण रोजचे काम ज्याच्यावर चालते ते साधन म्हणजे व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप, आणि हे परीक्षण मुख्यतः त्याचेच आहे.

माझे मत आधीच सांगून टाकते. या ॲपची ताकद वाचकाच्या उत्तरात आहे. वाचकाला उलट बोलण्याची वाट मोकळी ठेवणाऱ्या त्यातल्या सोयी पुस्तकाच्या फार कामाच्या आहेत. ती वाट बंद करणाऱ्या सोयी दिसायला मोठ्या असल्या तरी त्यांनी प्रती फारशा हलत नाहीत.

ॲप जानेवारी २०१८ मध्ये आले आणि भारतात त्याच महिन्यात मिळू लागले. ते मोफत आहे, नेहमीच्या व्हॉट्सॲपसारखेच दिसते आणि त्याच फोनवर दुसऱ्या क्रमांकावर चालवता येते. कार्यालयाच्या लँडलाइन क्रमांकावरही खाते उघडता येते, ही गोष्ट अनेक प्रकाशकांना ठाऊक नसते. त्याचा फायदा असा, की कामाचा क्रमांक आणि घरचा क्रमांक वेगळे राहतात, आणि उद्या काम पाहणारी व्यक्ती बदलली तरी वाचकांकडे असलेला क्रमांक बदलत नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिलेल्या आकडेवारीत भारतात व्हॉट्सॲपचे ५३ कोटी, फेसबुकचे ४१ कोटी आणि इन्स्टाग्रामचे २१ कोटी वापरकर्ते होते. मराठी पुस्तके विकत घेणाऱ्यांत निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेली मंडळी, गृहिणी आणि गावोगावचे ग्रंथपाल यांचा वाटा मोठा आहे; त्यांच्या फोनवर दुसरे काही असो वा नसो, व्हॉट्सॲप असतेच.

कॅटलॉग ही सोय नोव्हेंबर २०१९ मध्ये आली. तिच्यात ५०० पर्यंत वस्तू मांडता येतात, म्हणजे छोट्या प्रकाशनाची संपूर्ण सूची त्यात मावते. मुखपृष्ठाचे चित्र, नाव, किंमत, चार ओळींचे वर्णन आणि दुवा एवढे प्रत्येक पुस्तकासाठी देता येते. वाचकाने ‘तुमच्याकडे चरित्रे कोणती आहेत?’ असे विचारले, की सूचीपत्र शोधत बसण्याऐवजी त्या पुस्तकांचा संच लगेच पाठवता येतो. मात्र ही सोय कपडे आणि मिठाई विकणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून रचली आहे, हे वापरताना जाणवत राहते. लेखक, अनुवादक, पृष्ठसंख्या, आवृत्ती आणि बांधणी यांना स्वतंत्र रकाने नाहीत. सारे वर्णनात कोंबावे लागते. पुस्तकाच्या नावापुढेच लेखकाचे नाव लिहिणे हा त्यावरचा उपाय आहे, कारण मराठी वाचक बहुधा लेखकाच्या नावानेच पुस्तक मागतो.

लेबल ही सोय साधी आहे, पण तिच्याशिवाय माझे काम चालणार नाही. संभाषणांना रंगीत खुणा लावता येतात आणि अशी वीस लेबले करता येतात. ॲपमध्ये आधीपासून असलेली लेबले बाजूला ठेवून आपली मराठी लेबले करावीत : ‘पैसे आले’, ‘पार्सल गेले’, ‘ग्रंथालय’, ‘बालवाङ्मय’, ‘इतिहास’, ‘प्रत संपली, कळवणे’. यातले शेवटचे लेबल फार मोलाचे ठरते. एखाद्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढावी की नाही हे ठरवताना, त्या पुस्तकाची वाट पाहणारी माणसे नावानिशी समोर असतात. स्वागतसंदेश मात्र जपून लिहावा. नवा माणूस पहिल्यांदा संदेश पाठवतो तेव्हा, किंवा चौदा दिवस काहीच बोलणे झालेले नसेल तर पुन्हा, तो आपोआप जातो. म्हणजे दर महिन्याला एखादे पुस्तक मागवणाऱ्या जुन्या वाचकालाही ‘आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल धन्यवाद’ असे कोरडे उत्तर मिळते. आम्ही त्या जागी ‘नमस्कार. संदेश मिळाला. संध्याकाळपर्यंत कळवते.’ एवढेच ठेवले आहे, ते नव्याला आणि जुन्यालाही चालते.

आता प्रसारयादीविषयी, म्हणजे ब्रॉडकास्ट लिस्टविषयी, जरा विस्ताराने लिहायला हवे, कारण पुस्तकाच्या दृष्टीने या ॲपचा गाभा तोच आहे. एका यादीत २५६ क्रमांक घालता येतात आणि अशा अनेक याद्या करता येतात. एकच संदेश सर्वांना जातो, पण प्रत्येकाला तो स्वतंत्र, खासगी संदेश म्हणून मिळतो. त्याचे उत्तरही फक्त आपल्यालाच येते. यात एक अट आहे : ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे, त्यालाच हा संदेश पोचतो. बरेच प्रकाशक या अटीवर चिडतात. मला मात्र ती अट या साधनाचा सर्वांत चांगला भाग वाटते. क्रमांक जतन करणे म्हणजे ‘तुमचे पुस्तक आले की मला सांगा’ असे वाचकाने स्वतःच्या हाताने म्हणणे होय. पहिली आवृत्ती पाचशे प्रतींची असेल, तर अशा २५६ माणसांच्या यादीची किंमत काय होते, हे कोणाही प्रकाशकाला वेगळे समजावून सांगायला नको.

क्रमांक जतन व्हावा यासाठी कष्ट मात्र घ्यावे लागतात. आम्ही प्रत्येक पार्सलमध्ये एक खूणपट्टी घालतो. तिच्यावर क्रमांक आणि ‘हा क्रमांक जतन केलात तर नव्या पुस्तकांची माहिती महिन्यातून दोनदा मिळेल, त्याहून जास्त नाही’ एवढे वाक्य असते. यातला ‘त्याहून जास्त नाही’ हा शब्द पाळावा लागतो. साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात किंवा पुण्याच्या पुस्तक महोत्सवात गाळा असेल, तर बिल करतानाच क्रमांक विचारावा आणि वाचकाच्या समोरच त्याला पहिला संदेश पाठवावा. हातात पुस्तक आणि फोनवर नुकताच आलेला संदेश अशा वेळी क्रमांक जतन होण्याची शक्यता सर्वाधिक असते. घरी गेल्यावर ती राहत नाही.

या यादीवर काय पाठवावे, हा खरा कसोटीचा भाग आहे. मुखपृष्ठाचे चित्र, ‘प्रकाशित झाले!’ आणि सवलतीची टक्केवारी एवढ्यावर बहुतेकजण थांबतात. वाचकाला मात्र पुस्तकाची भाषा ऐकायची असते. पुस्तकातला दहा-बारा ओळींचा उतारा, त्याखाली लेखक, पाने, किंमत, सवलतीची किंमत आणि टपालखर्च, एवढा मजकूर पुरेसा होतो. लांब संदेश ‘पुढे वाचा’ या खुणेपाशी दुमडला जातो, म्हणून उताऱ्याची सुरुवात अशा जागेवरून करावी की ती खूण दाबावीशी वाटेल. पुस्तकाचे पहिले पान त्यासाठी क्वचितच योग्य असते. मधला एखादा प्रसंग, संवाद चालू असतानाचा, अधिक चांगला.

इथे मराठी प्रकाशकाची एक जुनी अडचण आडवी येते. आपली बरीच पुस्तके अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत, म्हणजे संगणकावरच्या जुन्या अक्षरसंचांत, जुळवली जातात, आणि तो मजकूर उचलून फोनवर चिकटवला की रोमन अक्षरांचा अगम्य गोंधळ उमटतो. म्हणून अनेकजण पानाचा फोटोच पाठवतात. ते टाळावे. फोटोतले शब्द शोधता येत नाहीत, अक्षर मोठे करून वाचायचे तर पान पुन्हापुन्हा सरकवावे लागते, आणि ज्या अंध वाचकांना फोन मजकूर वाचून दाखवतो, त्यांच्या पदरी काहीच पडत नाही. उतारा युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही फोनवर उमटणाऱ्या अक्षरांत, पुन्हा टंकून घ्यावा किंवा टंक बदलून देणाऱ्या परिवर्तकातून काढून नीट तपासावा. परिवर्तनात रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात. पुस्तकाच्या संदेशात शुद्धलेखनाच्या चुका गेल्या, तर पुस्तकातही त्या असतील असे वाचक धरून चालतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

संदेश गेल्यावर जे घडते, त्यासाठीच मी हे साधन इतरांना सुचवते. उत्तरे येऊ लागतात. ‘पाठवा’ एवढेच लिहिणारे असतात, तसेच त्या लेखकाचे आधीचे पुस्तक कधी आणि कुठे वाचले होते हे पाच मिनिटांच्या ध्वनिसंदेशात सांगणारेही असतात. सोलापूरकडच्या एका निवृत्त मास्तरांनी एकदा एवढेच विचारले, ‘अक्षर केवढे आहे?’ त्यांना पुस्तकाचे उघडे पान, त्यावर दहा रुपयांचे नाणे ठेवून, फोटो काढून पाठवले. थोड्या वेळाने त्यांचे उत्तर आले : ‘वाचता येईल. दोन प्रती पाठवा, एक वाचनालयाला देतो.’ अक्षराच्या आकाराची ही पृच्छा त्यानंतर इतक्यांनी केली, की आता आम्ही प्रत्येक पुस्तकाच्या वर्णनात ‘मोठा टंक’ किंवा ‘मध्यम टंक’ असे लिहितो आणि पुढच्या पुस्तकांची जुळणी करतानाही ते ध्यानात ठेवतो. वाचकाचे म्हणणे पुस्तकाच्या घडणीपर्यंत असे सरळ पोचण्याची सोय दुकानातल्या विक्रीत जवळजवळ नसते. तिथे प्रत गेली एवढेच कळते, ती कोणी नेली आणि का नेली हे कळत नाही.

याची किंमत वेळेच्या रूपात मोजावी लागते, हेही सांगायला हवे. उत्तरे येतात म्हणजे त्यांना उत्तरे द्यावी लागतात. ठरावीक वाक्ये साठवून ठेवण्याची सोय आहे, आणि बँकेचा तपशील किंवा पत्ता मागण्याचे वाक्य तिच्यात जरूर ठेवावे. परंतु पुस्तकाविषयीचा अभिप्राय आला असेल, तर त्याला साठवलेले उत्तर देऊ नये. ज्या दिवशी संदेश पाठवायचा, त्या दिवशी निदान दोन तास मोकळे ठेवावेत. रविवारी सकाळी संदेश पाठवून दिवसभर गावाला जाणे म्हणजे वाचकाला दारात बोलावून कुलूप लावण्यासारखे आहे.

गटांचा उपयोग वेगळा आहे. गटाची सदस्यमर्यादा २०२२ मध्ये आधी ५१२ आणि मग १,०२४ झाली. पण पुस्तकाच्या चर्चेसाठी हजाराचा गट निरुपयोगी ठरतो. तीस-चाळीस जणांनी एकच पुस्तक महिनाभर वाचावे, दर आठवड्याला ठरलेल्या प्रकरणावर बोलावे आणि शेवटच्या आठवड्यात लेखकाने एक संध्याकाळ गटात येऊन प्रश्नांची उत्तरे द्यावीत, ही रीत मला सर्वांत फलदायी वाटली. महिना संपला की गट बंद करावा. कायम चालू ठेवलेल्या गटात सणांच्या शुभेच्छा आणि पुढे ढकललेले संदेश यांचा भरणा होतो आणि पुस्तकाविषयी बोलणारे हळूहळू गप्प होतात. एका पुस्तकापुरता, ठरलेल्या मुदतीचा गट असेल, तर माणसे वेळ काढून लिहितात. त्यांतले अनेकजण पुढच्या पुस्तकाच्या गटात स्वतःहून नाव देतात.

गटांची दुसरी बाजू मात्र गंभीर आहे. संपूर्ण पुस्तकाची पीडीएफ गटांमधून फिरणे हे मराठी प्रकाशनव्यवसायाचे आजचे मोठे दुखणे आहे, आणि तिला वाट करून देणारे साधन बहुतांशी हेच आहे. पुढे पाठवण्यावर २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाच संभाषणांची मर्यादा घातली गेली, पण ती अफवा रोखण्यासाठी होती. पुस्तकाच्या चोरीवर तिचा फारसा परिणाम दिसत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, आणि जाणूनबुजून केलेल्या भंगाला कलम ६३ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास व दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे गटात शांतपणे आणि स्पष्टपणे सांगावे. बहुतेक माणसे चोरी करायची म्हणून पीडीएफ पाठवत नाहीत. आवडलेली गोष्ट दुसऱ्याला द्यावी, एवढाच त्यामागचा भाव असतो. अशा वेळी ‘हे पुस्तक आजही छापून मिळते आणि त्याच्या प्रत्येक प्रतीमागे लेखकाला मानधन मिळते’ हे सांगितले, की अनेकजण पीडीएफ काढून टाकतात. प्रकाशकानेही आपल्या बाजूने मोठमोठी प्रकरणे पीडीएफ करून वाटू नयेत. उतारा मजकूर म्हणूनच द्यावा.

चॅनल ही सोय भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आली आणि तिच्याविषयी फार बोलले गेले. अनुयायांच्या संख्येला मर्यादा नाही, त्यांचे क्रमांक कोणाला दिसत नाहीत, आणि मजकूर तीस दिवस राहतो. परंतु अनुयायी नेहमीच्या संभाषणासारखे मोकळे उत्तर देऊ शकत नाही. इमोजी उमटवणे आणि मतचाचणीत भाग घेणे, एवढेच बहुधा त्याच्या हाती असते. शिवाय हा मजकूर संभाषणांच्या यादीत न दिसता वेगळ्या कप्प्यात जातो आणि त्याची सूचनाही सहसा वाजत नाही. प्रकाशन-समारंभाची तारीख, प्रदर्शनातल्या गाळ्याचा क्रमांक, ‘प्रकाशनपूर्व सवलतीचा शेवटचा दिवस’ अशा फलकवजा सूचनांसाठी चॅनल ठेवावे. त्याची अनुयायीसंख्या पाहून आवृत्ती किती प्रतींची काढायची ते ठरवू नये.

इतर माध्यमांविषयी थोडक्यात. फेसबुकवर मराठीत लांब लिहिण्याची आणि वाचण्याची सवय अजून टिकून आहे, त्यामुळे पुस्तकावरचा सविस्तर लेख तिथे शोभतो. पण जानेवारी २०१८ मध्ये कंपनीने मित्र-आप्तांच्या मजकुराला अग्रक्रम देण्याचे धोरण जाहीर केल्यापासून संस्थांच्या पानांवरचा मजकूर पैसे न देता फार थोड्यांना दिसतो. म्हणून प्रकाशनाच्या पानापेक्षा लेखकाने स्वतःच्या खात्यावर लिहिलेले अधिक पोचते. इन्स्टाग्रामवर तरुण वाचक आहेत आणि मुखपृष्ठाला तिथे मोल आहे; मात्र मजकुरातला दुवा तिथे दाबता येत नाही, त्यामुळे पुस्तक आवडले तरी विकत घेण्यापर्यंतची वाट लांबते. तिथे ओळख व्हावी आणि बोलणे व्हॉट्सॲपवर यावे, अशी जोडणी करणे इष्ट. २०१३ पासून ॲमेझॉनच्या मालकीचे असलेले गुडरीड्स हे वाचकांच्या अभिप्रायांचे संकेतस्थळ मराठी पुस्तकांसाठी अजून विरळ आहे. एकच पुस्तक देवनागरीत एकदा आणि रोमन लिपीत दुसऱ्यांदा नोंदलेले आढळते आणि अभिप्राय दोन्हीकडे विखुरतात. तरीही प्रत्येक लेखकाने आपल्या पुस्तकाची तिथली नोंद नीट आहे ना, हे एकदा तपासावे, कारण परदेशातले मराठी वाचक तिथे शोधतात.

एक धोक्याची सूचना. वाचकांच्या क्रमांकांच्या तयार याद्या विकणारे आणि ‘एका दिवसात दहा हजार जणांपर्यंत पुस्तक पोचवतो’ म्हणणारे प्रचारक अलीकडे प्रकाशकांच्या दारी येतात. अशाच एका प्रचारसंस्थेकडून आम्ही घेतलेल्या यादीतून एकही प्रत गेली नाही. ‘माझा क्रमांक कुठून मिळाला?’ असे विचारणारे संदेश मात्र बरेच आले. परवानगीवाचून घाऊक संदेश पाठवणे व्हॉट्सॲपच्या नियमांविरुद्ध आहे आणि लोकांनी तक्रारी केल्या तर खाते बंद होऊ शकते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही संमतीवरच उभा आहे. वाचकाने ‘नको’ म्हटले, की त्याचे नाव त्याच दिवशी यादीतून काढावे आणि काढल्याचे त्याला कळवावे.

पुस्तक घरपोच करण्याचा भाग या ॲपच्या बाहेरचा असला, तरी वाचकाचा अनुभव तिथेच पुरा होतो. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून सुरू केलेली ज्ञान पोस्ट ही सेवा छोट्या प्रकाशकांनी जरूर पाहावी. सुरुवातीच्या दरांनुसार ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पार्सलचा माग घेता येतो, मात्र ते रस्ता-रेल्वेने जात असल्यामुळे वेळ लागतो. ती सेवा ज्या प्रकारच्या पुस्तकांना लागू आहे त्यांत आपले पुस्तक बसते का, हे टपाल कार्यालयात आधी विचारून घ्यावे. माग घेण्याचा क्रमांक मिळाल्यावर लगेच वाचकाला पाठवावा आणि ‘पार्सल गेले’ हे लेबल लावावे. पंधरा दिवसांनी ‘पुस्तक मिळाले का, वाचायला घेतले का?’ असे एकदाच विचारावे. पुस्तकावरचे सर्वांत प्रामाणिक अभिप्राय मला या प्रश्नाच्या उत्तरांतच मिळाले आहेत. त्यांतला एखादा, लिहिणाऱ्याची परवानगी घेऊन, पुढच्या संदेशात उताऱ्याखाली दिला, तर तो प्रकाशकाच्या कोणत्याही स्तुतीपेक्षा अधिक विश्वासाने वाचला जातो.

शेवटची गोष्ट नोंदवहीची. लेबले, याद्या आणि संभाषणे सारी त्या एका खात्याला बांधलेली असतात. खाते बंद पडले किंवा फोन हरवला आणि राखीव प्रत काढलेली नसली, तर सारे एकदम जाते. म्हणून वाचकाचे नाव, पत्ता, पिनकोड आणि घेतलेली पुस्तके यांची नोंद त्याला सांगूनच संगणकावरच्या एखाद्या साध्या तक्त्यात वेगळी ठेवावी आणि दर महिन्याला ती जुळवून घ्यावी. क्रमांक बदललेला वाचक पुन्हा सापडतो तो याच तक्त्यातल्या पत्त्यावर पाठवलेल्या पोस्टकार्डाने.